मधले पुस्तक : डिस्ट्रिक्ट आठ आणि गिरणगावचे १९२९

तीन खंडांच्या कादंबरीतला दुसरा खंड वाचकाच्या दृष्टीने नेहमीच काहीसा सावत्र असतो. पहिल्या खंडाला नव्या जगाच्या ओळखीचे अप्रूप असते आणि तिसऱ्याला शेवटाचे वजन असते. दुसऱ्याकडे मात्र आपण एक पूल म्हणून पाहतो; त्यावरून पलीकडे जायचे, तिथे थांबायचे नाही. समीक्षाही बहुधा हेच करते. मालिकेतील कादंबऱ्यांविषयी लिहिताना आपण आरंभाची चर्चा करतो, शेवट कितपत साधला याची चर्चा करतो आणि मधल्या पुस्तकाचे कथानक दोन ओळींत सांगून पुढे सरकतो.

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत्रयीतील दुसऱ्या पुस्तकाविषयी, ‘कॅचिंग फायर’विषयी, माझेही बराच काळ असेच मत होते. ते बदलण्यास एक विद्यार्थिनी कारणीभूत झाली. ती शिवडीच्या बीडीडी चाळीत राहते. पणजोबा गिरणीत, आजोबा गिरणीत, वडील खाजगी नोकरीत, अशी गिरणगावात घरोघरी आढळणारी वंशावळ. कुमारवाचकांसाठीच्या साहित्यावर वर्गात बोलणे चालू असताना ती म्हणाली, “सर, दुसऱ्या भागात नवीन काय आहे? जिंकून घरी आलेल्या मुलीला परत त्याच मैदानात नेऊन उभी करतात. तेच तर पहिल्या भागात झालं होतं.”

आक्षेप रास्त होता. त्यावर तेव्हा दिलेले उत्तर मला स्वतःलाच पटले नाही. पुढे बोलता बोलता गिरणी संपाचा विषय निघाला, तेव्हा ती सहज म्हणाली, “आमच्या घरात संप म्हणजे एकच, ब्याऐंशीचा.” या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, असे मला नंतर वाटू लागले. प्रस्तुत लेख हा तो संबंध तपासण्याचा प्रयत्न आहे.

१

प्रथम कादंबरीकडे वळू. त्रयीचे पहिले पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले, दुसरे २००९ साली आणि तिसरे, ‘मॉकिंगजे’, २०१० साली. पॅनेम नावाचे भविष्यकाळातील एक राष्ट्र आहे. मध्यभागी कॅपिटॉल ही ऐषारामी राजधानी आणि तिला पोसणारे बारा डिस्ट्रिक्ट. प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या वाट्याला एकेक उत्पादन आलेले आहे : कुठे कोळसा, कुठे शेती, कुठे मासळी. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडली जाते, आणि एकच जण उरेपर्यंत त्यांना मैदानात लढवले जाते. कोळसा खाणींच्या बाराव्या डिस्ट्रिक्टची कॅटनिस आणि तिचा सोबती पीटा विषारी फळे एकदमच खाण्याची तयारी दाखवतात, तेव्हा विजेताच न उरण्याच्या भीतीने कॅपिटॉलला दोघांनाही जिवंत सोडावे लागते. पहिले पुस्तक इथे संपते.

दुसरे पुस्तक सुरू होते ते या विजयाची किंमत मोजण्यापासून. राष्ट्राध्यक्ष स्नो स्वतः कॅटनिसच्या घरी येऊन बसतो आणि तिला बजावतो की, तुझ्या त्या कृतीतून लोकांनी भलताच अर्थ काढला आहे, तो तूच पुसला पाहिजेस. विजययात्रेत अकराव्या डिस्ट्रिक्टमधला एक म्हातारा शिट्टीवर चार स्वर वाजवतो आणि जमाव तीन बोटे उंचावून तिला मानवंदना देतो. त्या म्हाताऱ्याला तिथेच गोळी घातली जाते. पुढे खेळाच्या पंचाहत्तराव्या वर्षाचे निमित्त साधून नवा नियम जाहीर होतो : यंदाचे स्पर्धक आजवरच्या विजेत्यांमधूनच निवडले जातील. विजेत्याला जन्मभर मैदानातून सूट, हा कॅपिटॉलने स्वतः दिलेला शब्द. तो शब्द नियमाच्याच भाषेत परत घेतला जातो.

विद्यार्थिनीच्या आक्षेपाचे उत्तर इथे सापडते. मैदान पुन्हा येते हे खरे, परंतु ते तेच मैदान नव्हे. पहिल्या खेपेला नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होते. दुसऱ्या खेपेला नियम हेच हत्यार झालेले आहे. पहिल्या पुस्तकात दुबळ्यांना सत्तेची एक फट सापडते. ती फट सत्तेलाही दिसली आहे, आणि ती बुजवण्याचे काम चालू झाले आहे, हा दुसऱ्या पुस्तकाचा विषय आहे. हरल्यानंतर सत्ता काय शिकते, याची ही कथा आहे.

२

मराठी वाचकाने, त्यातही गिरणगावाशी नाते असलेल्या वाचकाने, या पुस्तकात आणखी एका जागी थांबले पाहिजे. ती जागा आठव्या डिस्ट्रिक्टची. हा कापडाचा डिस्ट्रिक्ट आहे आणि दुसऱ्या पुस्तकातले मोठे बंड तिथे पेटते. कॅटनिसला ते प्रथम दिसते ते नगराध्यक्षांच्या घरातल्या दूरचित्रवाणीवर, चोरून, काही क्षण. नंतर जंगलातल्या एका पडक्या घरात तिला तिथून पळून आलेल्या दोघी भेटतात. ट्विल ही शिक्षिका आहे आणि बॉनी तिची विद्यार्थिनी. शाळा सुटल्यावर दोघीही कारखान्यात पाळी करीत. कारखाना कसला, तर शांतिरक्षक म्हणवणाऱ्या शिपायांचे गणवेश शिवण्याचा. यंत्रांच्या गदारोळात कानाला तोंड लावून बंडाचा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे गेला, असे त्या सांगतात. कॅटनिसची मुलाखत सर्वांनी पाहणे सक्तीचे असल्यामुळे अंधार पडल्यावर चौकात जमण्याची आयतीच सबब मिळाली. लोकांनी मोक्याच्या जागा ताब्यात घेतल्या. मग बाँबफेक झाली, नाकेबंदी झाली, उपासमार झाली, आणि शेवटी कामावर परत येण्याचा हुकूम निघाला. पाळीवर जाताना या दोघींना थोडा उशीर झाला म्हणून त्या वाचल्या. कारखाना त्यांच्या डोळ्यांदेखत स्फोटाने उडाला. ट्विलचा नवरा आणि बॉनीचे सारे कुटुंब त्यात गेले.

हा भाग पुस्तकात मोजक्या पानांचा आहे. नायिका त्यांना खाऊ घालते, शिकार कशी करावी हे थोडेसे शिकवते आणि घरी परतते. तिसऱ्या पुस्तकात कळते ते एवढेच की, त्या दोघी तेराव्या डिस्ट्रिक्टपर्यंत कधी पोचल्याच नाहीत. कापडाच्या डिस्ट्रिक्टचा इतिहास अशा रीतीने खाणीच्या डिस्ट्रिक्टच्या नायिकेपुढे निरोप म्हणून येतो आणि निरोप म्हणूनच संपतो.

३

हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन आणि शिवडी ही लागोपाठची स्थानके आहेत. कॉटन ग्रीन हे नाव मूळचे कुलाब्याकडचे. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भरणी केल्यानंतर कापसाचा बाजार इकडे आला. विदर्भ-खानदेशातल्या कापसाच्या गाठी रेल्वेने इथे उतरत. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे परळ, लालबाग, शिवडी, नायगावच्या चाळींत एकेका खोलीत गावकीने राहत. एका प्रदेशाने कापूस पुरवावा, दुसऱ्याने माणसे पुरवावीत आणि कापड तिसऱ्याच ठिकाणी विकले जावे, ही रचना समजण्यासाठी इथल्या मुलांना पॅनेमचा नकाशा पाहण्याची गरज नाही.

या गिरणगावाच्या इतिहासातले पहिले पुस्तक म्हणून १९२८ चा संप घेता येईल. त्यापूर्वी संप झाले नाहीत असे नव्हे. १९१९ पासून मोठे संप झाले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली ती तर १८८४ सालीच. परंतु १९२८ चा संप निराळा होता. विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, म्हणजे थोड्या माणसांत तेवढेच काम निघेल, अशी ‘कार्यक्षमते’ची योजना मालकांनी आणली. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. ना. म. जोशींसारखे नेमस्त आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे साम्यवादी एका संयुक्त संप समितीत बसले. संप चालू असतानाच, मे महिन्यात, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अर्जुन आळवे अध्यक्ष आणि डांगे सरचिटणीस. वाद न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे सोपवून संप मिटला. हा निर्विवाद विजय नव्हता. पण सहा महिने पगाराविना काढून कामगार फुटला नाही, आणि मालकांना आपली योजना तशीच लादता आली नाही. आरंभी जेमतेम ३२४ सभासद असलेल्या युनियनची संख्या वर्षअखेरीस ५४,००० वर गेली, गिरणीगिरणीत समित्या झाल्या. लोकांना फट सापडली होती.

४

दुसरे पुस्तक १९२९ चे. त्याचे पहिले प्रकरण शिवडीत घडले. डिसेंबर १९२८ मध्ये शिवडीच्या तेल कंपन्यांच्या कोठारांत संप झाला. संपकऱ्यांच्या जागी कंपन्यांनी पठाण नेमले. पठाण सावकारांविषयी गिरणी कामगारांच्या मनात आधीच राग होता. त्यात संप फोडणारे म्हणून पठाण समोर आले. मारामाऱ्या झाल्या. पाठोपाठ मुले पळवणाऱ्या पठाणांच्या अफवा शहरभर पसरल्या आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत मोठी दंगल उसळली. तिला लवकरच हिंदू-मुसलमान दंगलीचे रूप आले. आरंभी प्रश्न कोठारातल्या मजुरीचा होता. दोन महिन्यांत तो कोण कोणत्या धर्माचा, असा झाला.

दुसरे प्रकरण २० मार्च १९२९ चे. त्या दिवशी देशभर एकाच वेळी धरपकड झाली आणि तीसहून अधिक कार्यकर्त्यांवर मीरतला कटाचा खटला भरण्यात आला. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे गिरणी कामगारही त्यांत होते. मुंबईचे आरोपी, मुंबईच्या घटना, पण खटला मीरतेला, ज्यूरीविना. निकाल लागायला १९३३ चा जानेवारी उजाडला. युनियनची पहिली फळी जवळजवळ चार वर्षे शहराबाहेर राहिली.

तिसरे प्रकरण कायद्याचे. एप्रिल १९२९ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात औद्योगिक कलहांविषयीचा कायदा संमत झाला. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिलला सभागृहात बाँब टाकला, तो याच कायद्याच्या आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयकाच्या निषेधार्थ, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्या कायद्याचा गिरणगावाशी काय संबंध होता, हे शिकत नाही. सहानुभूतीच्या व्यापक संपांवर त्याने बंधने घातली आणि चौकशी न्यायालयाची तरतूद केली. त्याच महिन्याच्या अखेरीस, कामगारांच्या बडतर्फीवरून, युनियनने दुसरा सार्वत्रिक संप पुकारला. या वेळी नेते तुरुंगात होते, आदल्या वर्षीच्या उपासाचे कर्ज फिटले नव्हते आणि दंगलीने वस्त्या दुभंगल्या होत्या. नव्या कायद्याखाली चौकशी न्यायालय बसले. त्याने संपाचा ठपका युनियनवर ठेवला. सप्टेंबरात संप संपला आणि सभासदसंख्या भराभर ओसरली.

मैदान तेच, लढणारे तेच, मागण्याही जवळपास त्याच. बदलले होते ते नियम. विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न १९२९ विषयीही विचारता येतो, ‘यात नवीन काय?’ आणि त्याचे उत्तरही तेच द्यावे लागते.

५

इथवरची तुलना सोपी आहे, आणि म्हणूनच ती थोडी संशयास्पद मानली पाहिजे. कादंबरीपेक्षा इतिहास गुंतागुंतीचा असतो असे आपण नेहमी म्हणतो. इथे तो कोणत्या बाबतीत तसा आहे ते नेमके सांगता येते. कॉलिन्सच्या आठव्या डिस्ट्रिक्टमध्ये जात नाही. तिथले लोक गरीब आहेत, भुकेले आहेत, पण आतून एकसंध आहेत. दुही बाहेरून लादलेली आहे : डिस्ट्रिक्ट विरुद्ध डिस्ट्रिक्ट. गिरणगावात मात्र दुही विणाई खात्याच्या दारातच उभी होती. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगाराला सवर्ण विणकर त्या खात्यात येऊ देत नसत. विणाईची मजुरी कताईपेक्षा चांगली. ती एका धाग्यामुळे कायमची बंद झालेली होती.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपातच हा प्रश्न संप समितीपुढे उभा केला. सर्व खात्यांत मज्जाव नसावा, ही मागणी त्यांना मालकांच्या आधी संपाच्या पुढाऱ्यांकडे करावी लागली. १९२९ च्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला आणि दलित कामगारांनी कामावर जावे अशी भूमिका घेतली. या विरोधाला केवळ फितुरी ठरवणारे वाचन आपल्याकडे झालेले आहे. ते उथळ आहे. ज्या साच्यापाशी आपल्याला उभेच राहू दिले जात नाही, तो साचा बंद ठेवण्यासाठी आपण का उपाशी राहावे, असा तो साधा प्रश्न होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी लाल बावट्यापाशी नव्हते.

म्हणजे १९२९ मध्ये सत्ता जे शिकली त्यात नियम बदलणे हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, फोडायला लागणाऱ्या भेगा तिला नव्याने पाडाव्या लागल्या नाहीत. ‘कॅचिंग फायर’ आपल्याला सत्तेची बुद्धी दाखवते. भेगांविषयी ती फारशी बोलत नाही. त्यासाठी आपल्याला आपलेच दुसरे पुस्तक वाचावे लागते.

त्या पुस्तकाला पुढे एक उत्तरही मिळाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी एकत्र होते. नऊ वर्षांपूर्वी समोरासमोर उभे असलेले लोक एका व्यासपीठावर आले, ते मुंबई प्रांताच्या नव्या औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात. आणि हे विधेयक आणणारे सरकार परकीय नव्हते. बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. इंग्रज गेले की कॅपिटॉल जाईल असे मानणाऱ्या वाचकाला इथे थोडे अडखळावे लागते.

६

आता ‘ब्याऐंशीच्या’ संपाकडे पाहता येईल. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा, औपचारिकपणे कधीच मागे न घेतला गेलेला हा संप मराठी साहित्यात वारंवार येतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने तर त्याची राख घराघरात कशी पडली हे दाखवले. आपल्या स्मरणात तो शेवट म्हणूनच आहे. पण तो कोणत्या नियमांखाली लढला गेला? एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मान्य, आणि कामगार कोणाच्याही मागे असले तरी वाटाघाटीचा हक्क तिलाच, असे सांगणाऱ्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली. या कायद्यामागे १९३८ चा कायदा होता, त्यामागे १९३४ चा आणि त्या सगळ्यांमागे १९२९ चा. प्रत्येक मोठ्या संपानंतर नियमांत एकेक कलम वाढत गेले. १९८२ साली लाखो कामगार सामंतांच्या मागे होते, पण मालकांना त्यांच्याशी बोलण्याचे कायदेशीर बंधन नव्हते, याचे मूळ शोधत गेलो तर आपण या मधल्या पुस्तकात येऊन पोचतो.

म्हणून ‘संप म्हणजे एकच’ हे वाक्य मला खटकले. त्यात त्या मुलीची काही चूक नाही. घराण्याची आठवण तीन पिढ्यांपलीकडे जात नाही; पलीकडचे सांगणे हे आमचे, शिक्षकांचे काम. ते आम्ही केलेले नाही. अभ्यासक्रमात नारायण सुर्वे येतात, अण्णाभाऊ साठे येतात, ‘अधांतर’ येते. त्या सगळ्यांच्या पाठीशी असलेले १९२९ येत नाही. परिणाम असा होतो की, गिरणगावाची कथा विद्यार्थ्याला नियतीसारखी वाटते : गिरण्या होत्या, संप झाला, गिरण्या गेल्या, मॉल आले. आरंभ आणि शेवट एवढेच वाचले की कोणताही इतिहास नियतीसारखा दिसतो. नियम कोणी बदलले, केव्हा बदलले, त्या वेळी आपण कुठे फुटलो, हे प्रश्न मधल्या खंडात असतात.

२०१४ साली थायलंडमध्ये लष्करी उठावानंतर तरुणांनी कॅटनिसची तीन बोटांची खूण निषेध म्हणून उचलली. २०२१ मध्ये म्यानमारमध्येही ती दिसली. खूण पहिल्या पुस्तकातली. पण ती करणाऱ्याला काय भोगावे लागते हे दुसऱ्या पुस्तकात लिहिले आहे, आणि रस्त्यावर उतरलेल्या त्या मुलांना ते पुरेपूर ठाऊक असणार. कुमारांसाठी लिहिलेले पुस्तक म्हणून आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्याचे वाचन जगात कुठे कुठे झाले आहे, हे साहित्याच्या अध्यापकांनी लक्षात घ्यावे.

शिवडीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या आहेत. म्हणजे १९२८ आणि १९२९ या दोन्ही वर्षांनी त्या पाहिलेल्या आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. जवळच्या खाडीतून जानेवारी २०२४ पासून समुद्रावरचा अटल सेतू न्हावाशेव्याकडे जातो. त्या विद्यार्थिनीला मी एवढेच सुचवले की, दुसरा भाग पुन्हा वाच, आणि या वेळी कॅटनिसऐवजी ट्विल आणि बॉनी यांच्यावर लक्ष ठेव. त्या दोघी गणवेशाच्या कारखान्यात काम करणाऱ्या शिक्षिका आणि विद्यार्थिनी आहेत, हे लेखिकेने उगाच लिहिलेले नाही. दिवसभर साचा चालवून रात्रशाळेत बसणारी माणसे याच वस्तीत होऊन गेली.

पुढच्या आठवड्यात तिने वहीत तारखांची एक यादी करून आणली. पहिली तारीख २० मार्च १९२९ ची होती. तिखाली तिने लिहिले होते : पणजोबा तेव्हा कुठल्या खात्यात होते, हे आजोबांना विचारायचे.